मालकाच्या कागदात गुलामाचं आयुष्य सापडतं का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात असते. जोतीरावांनी 1873 साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, हे वर्गात अनेकदा सांगितलं. पण तिथली गुलामगिरी मूळ कागदांत वाचायची राहून गेली. आता ते कागद घरबसल्या फुकट वाचता येतात असं मुलगी म्हणते. सुरुवात कुठून करू? गुलामांना लिहायला-वाचायला शिकवायचीच बंदी होती, म्हणजे बहुतेक कागद मालकांचे. त्यांवर भरवसा किती ठेवायचा? आणि त्यांतले उतारे मराठीत करून मुलांना दिले तर चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमची मुलगी राहते त्याच राज्यापासून सुरुवात करा. ईडेंटन नावाचं तिथलं एक छोटं बंदराचं गाव आहे. तिथल्या डॉक्टर जेम्स नॉरकॉमने 30 जून 1835 या तारखेची एक जाहिरात शेजारच्या व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या वर्तमानपत्रात छापली. 'माझी नोकर मुलगी हॅरिएट' (नोकर म्हणजे इथे गुलाम) पळाली आहे, पकडून देणाऱ्यास 100 डॉलर. हॅरिएट जेकब्स असं इंग्रजीत टाइप करून शोधलंत की जाहिरातीचं चित्र समोर येईल. ते मोठं करून सावकाश वाचा.

वय 21, उंची पाच फूट चार इंच, अंगाने भरलेली. केस दाट, काळे, मुळातच कुरळे, पण विंचरले की सरळ होणारे. बोलणं सहज आणि अस्खलित, वागणं-चालणं छाप पाडणारं. शिवणकामात तरबेज, त्यामुळे चांगलं नेसण्याची सवय. चालू फॅशनचे बरेच कपडे जवळ आहेत.

आता तुमच्या शंकेकडे येते. माझी सारी नोकरी जुन्या दप्तरांत गेली. कागद हातात आला की मी आधी एवढंच पाहते की लिहिणाऱ्याला यातलं काय अचूक लिहिणं भाग होतं. नॉरकॉमला हॅरिएट सापडायला हवी होती. केस, उंची, बोलण्याची ढब यांत त्याने खोटं लिहिलं असतं तर त्याचाच तोटा होता. म्हणून ज्याने तिला माणूस मानलं नाही, त्याच्याच हातून तिचं इतकं जिवंत वर्णन लिहिलं गेलं. त्याच जाहिरातीत तो म्हणतो की ही मुलगी कुठलंही कारण नसताना, कोणी काही केलं नसताना पळाली. इथे खरं लिहिण्यात त्याचा फायदा काहीच नव्हता. या वाक्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका.

कारण काय होतं ते हॅरिएटने स्वतः लिहून ठेवलं आहे. लहानपणी तिच्या पहिल्या मालकिणीने तिला अक्षरओळख करून दिली होती. 1861 साली तिने टोपणनावाने आपली कहाणी छापली. ती कोवळ्या वयाची असल्यापासून हा डॉक्टर तिच्या मागे लागला होता. चॅपेल हिलच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा 'डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ' हा संग्रह आहे. त्यात ते आत्मकथन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मिळेल.

जाहिरात वाचून झाली की लगेच आत्मकथनातलं माळ्याचं प्रकरण काढा. डॉक्टर तिला परगावी शोधत होता आणि ती ईडेंटनमध्येच, आपल्या आजीच्या घराच्या छपराखाली लपली होती. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, सगळ्यात उंच जागी तीन फूट. उभं राहणं सोडाच, नीट बसताही येत नसे. हाताला लागलेल्या गिरमिटाने तिने लाकडात शेजारीशेजारी भोकं पाडली आणि इंचभराची फट केली, खाली खेळणारी आपली मुलं दिसावीत म्हणून. सकाळी फटीला डोळा लावला, तर रस्त्यात पहिला दिसला तो डॉक्टरच. अशी जवळजवळ सात वर्षं काढून 1842 मध्ये ती जहाजाने उत्तरेला, गुलामगिरी नसलेल्या राज्यांत निसटली. ती जाहिरात आणि हे प्रकरण मी लागोपाठ वाचलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे कित्येक वर्षं अभ्यासकांनी ही कहाणी कोणा गोऱ्या लेखिकेची कादंबरी म्हणून बाजूला टाकली होती. जीन फेगन येलिन या संशोधिकेने 1980 च्या दशकात हॅरिएटची जुनी पत्रं आणि ईडेंटनचे कागद ताडून पाहिले, तेव्हा ती अक्षरशः खरी ठरली. मालकाचे कागद जपून ठेवण्याचं मोल इथे कळतं. आपल्या पेशवे दप्तरातही कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम दासींच्या, खरेदीच्या नोंदी आहेत, किमतींसकट. त्या वाचताना मला आता प्रत्येक वेळी ईडेंटनचा तो माळा आठवतो.

खानेसुमारीपासून, म्हणजे जनगणनेच्या कागदांपासून, मात्र सुरुवात करू नका. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांच्या याद्या वेगळ्या केल्या. वर मालकाचं नाव, खाली वय, स्त्री की पुरुष, रंग. गुलामांची नावं जवळपास कुठेच नाहीत. 1860 च्या मोजणीत अशी 39 लाख 53 हजारांवर माणसं होती. त्याऐवजी फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाचा 'लास्ट सीन' हा संग्रह पाहा. मुक्त झालेल्या माणसांनी ताटातूट झालेली आई, मुलं, भावंडं शोधण्यासाठी वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिराती त्यात आहेत. कोण कोणाला विकलं गेलं, शेवटचं कुठे पाहिलं, ते सगळं त्यांत असतं. पाद्र्यांनी हे चर्चमध्ये वाचून दाखवावं, अशी विनंतीही अनेकदा असते.

गुलामांच्या तोंडचं म्हणून जे मिळेल, तेही पारखूनच घ्या. 1936 ते 1938 या काळात सरकारी प्रकल्पात वृद्ध झालेल्या पूर्वीच्या गुलामांच्या 2,300 हून जास्त मुलाखती घेतल्या गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या खुल्या केल्या आहेत. त्यांत साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरातल्या सुझन हॅमलिन या म्हातारीच्या दोन मुलाखती आहेत, 1937 च्या. जेसी बटलर या गोऱ्या बाईंना ती सांगते की मालक भला माणूस होता. बाई सरकारी मदत देणाऱ्या कचेरीतून आल्या आहेत, असा तिचा समज होता. ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय माणसापाशी तीच म्हातारी फटक्यांबद्दल बोलते. आई, बाप, भाऊ, बहीण यांना अचानक विकून नेलं की मागे राहिलेल्यांच्या किंकाळ्या रात्रंदिवस ऐकू यायच्या, असं सांगते. ज्याच्या हातात आपलं रेशन आहे असं वाटतं, त्याच्यासमोर गरीब माणूस काय बोलतो, हे आपल्या गावांत वेगळं समजावून सांगायला नको. माझा भरवसा लॅडसनच्या कागदावर जास्त आहे.

आता भाषांतराचं. नॉरकॉमची जाहिरात आणि हॅरिएटचं आत्मकथन कधीच स्वामित्वहक्काबाहेर गेलं आहे; मुलाखतींवरही सहसा अडचण नाही. खुशाल मराठीत करा, फक्त मूळ कागद कोणत्या संग्रहातला ते खाली लिहा. मुलाखतींत म्हातारीचे उच्चार मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले आहेत. ते तसे लिहिणं ही मुलाखत घेणाऱ्यांची करणी. मराठीत आणताना तिच्या तोंडी हास्यास्पद बोली घालू नका, साधं बोलू द्या. मुलांना आधी बटलरबाईंचा कागद द्या, दुसऱ्या दिवशी लॅडसनचा, आणि मुलाखत कोणी घेतली तो मजकूर दोन्ही वेळा झाकून ठेवा. दोन्ही वाचून झाले की मग तो उघडा.