नीट नाही दिली तर ऑटिझमवर संशोधन करता येईल का?

सप्रेम नमस्कार,

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, ग्रुप पीसीबी. धाकट्या भावाला ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), दोन्ही. तिला याच विषयात संशोधन करायचंय, पण ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची नाही. तुमचं म्हणणं, आधी डॉक्टर हो, मग काय ते संशोधन कर. आणि शेवटच्या ओळीत खरा प्रश्न: यात पोट भरेल का?

मुलांना औषधं द्यायची असतील तर एमबीबीएस आणि पुढे बालरोग किंवा मानसोपचारात एमडी, याला पर्याय नाही. संशोधनाला मात्र ही अट नाही. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेचं काम तिला जरूर वाचायला सांगा. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ ऑटिस्टिक मुलांवरचा हा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आला. पालकांना शिकवण्याची मूळ पद्धत इंग्लंडची, ती आपल्याकडच्या घरांना बेतून घेतलेली. घरोघरी जाणारे तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते. आई मुलाशी खेळते, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मग तो आईबरोबर बसून बघायचा. कार्यकर्ता दाखवतो: इथे त्याने गाडी पुढे सरकवली, म्हणजे काहीतरी सांगितलं. इथे तुम्ही लगेच ‘हा रंग कोणता?’ विचारलंत. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ कमी झाला. हा गैरसोयीचा निष्कर्षही त्यांनी छापला. मला हे काम आवडतं ते यासाठीच.

तुमच्या मुलीला जागा कुठे आहे, तेही इथेच दिसतं. ‘एडॉस’ या ऑटिझमसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या तपासणीत लहान मुलांसाठी बाहुलीच्या वाढदिवसाचा खेळ असतो, त्यात केक आणि मेणबत्त्या. ज्या घरात वाढदिवसाला औक्षण होतं, केक नाही, तिथल्या मुलाला तो खेळ कळला नाही तर ते लक्षण मानायचं का? भारतीय मुलांसाठी ‘इसा’ नावाची ४० मुद्द्यांची मोजपट्टी आहे, तरी असे प्रश्न संपलेले नाहीत. घरातली मराठी बारकाव्यांसह कळणारा संशोधक इथे हवाच आहे.

आता रस्ते. मेंदू आणि जनुकांचं कुतूहल असेल तर पुण्याचं आयसर, ही केंद्राची विज्ञान संस्था. त्यासाठी आयएटी ही वेगळी परीक्षा असते, फॉर्मची तारीख आत्ताच बघून ठेवा. मुलांच्या वागण्यात रस असेल तर मानसशास्त्रात पदवी, मग एमए. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. तिथले अभ्यासक्रम सध्या बदलताहेत, म्हणून प्रवेशाआधी कॉलेजचं नाव आरसीआयच्या यादीत स्वतः तपासा, कॉलेजच्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. वाचा-भाषा उपचाराची बीएएसएलपी पदवी मुंबईच्या अलीयावर जंग संस्थेत होते. तीन रस्त्यांत नोकरी सर्वांत लवकर याच रस्त्याने मिळते, असं माझं मत.

कुठेही गेली तरी संख्याशास्त्र टाळू नये. १९९८ साली अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखाने गोवराची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला. इतक्या थोड्या मुलांवरून असं काही ठरवता येत नाही, हे संख्याशास्त्रच शिकवतं. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण लशीची भीती अजून पालकांच्या तोंडून ऐकतो.

पोटाचं म्हणाल तर २०२३ पासून केंद्राची ज्युनियर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. पण ती एमए किंवा एमएस्सीनंतर, नेट ही पात्रता परीक्षा वगैरे पार करून. तोवर पाचेक वर्षं घरातूनच खर्च करावा लागेल, हे आजच धरून चाला. प्रत्येकाला फेलोशिप मिळत नाही, म्हणून मी तरी आरसीआय नोंदणीचा किंवा बीएएसएलपीचा रस्ता हाताशी ठेवायला सांगेन.

एक गोष्ट पत्रात ओझरती आलीय: ती भावाच्या वागण्याच्या नोंदी वहीत लिहिते. लिहू दे, पण त्याच्यावर घरी प्रयोग, चाचण्या नकोत. त्याला ताई हवी आहे. बारावीची परीक्षा झाली की सांगलीतल्याच एखाद्या विशेष शाळेत महिनाभर मदतीला जाऊ दे, मुलांचे डबे उघडून द्यायला, रांगेत हात धरायला. महिन्याने तिला काय करायचंय ते विचारा, नीटचा विषय तेव्हाच काढा.

आपला,
करिअर मार्गदर्शक