जुनी रायफल आणि त्याच कंपनीची नवी रायफल

प्रश्न : एका नामांकित कंपनीची बोल्ट ॲक्शन रायफल (चेंबर बंद करणारा बोल्ट म्हणजे दांडा हाताने मागे-पुढे करायची रायफल) मी गेली २६ वर्षे वापरतो आहे आणि तिने मला एकदाही दगा दिलेला नाही. त्याच विश्वासाने गेल्या वर्षी त्याच कंपनीची नवी रायफल घेतली. तिची पुढची साइट (नेम धरण्याची खूण) एका बाजूला कललेली आहे, लाकडी स्टॉक (दस्ता) आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा मधला भाग) यांच्यात नख शिरेल एवढी फट आहे आणि अधूनमधून रिकामे काडतूस चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या खाचेतच, अडकून बसते. दुरुस्तीसाठी पाठवलेली रायफल ११ आठवड्यांनी ‘तपासली, ठीक आहे’ एवढ्या शेऱ्यासह जशीच्या तशी परत आली. फोन केला की दर वेळी नवा माणूस सगळी हकिकत पहिल्यापासून विचारतो. इतक्या चांगल्या कंपनीची अशी अवस्था का होते? ही रायफल वापरत राहावी, की विकून जुन्या काळातली घ्यावी?

उत्तर : आपल्या तीन तक्रारींपैकी शेवटची सर्वांत गंभीर आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. काडतूस अडकण्याचे कारण चेंबरचा खडबडीतपणा किंवा कमकुवत एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस बाहेर ओढणारी पकड) एवढेच असू शकते. परंतु बंद केलेल्या बोल्टचा दर्शनी भाग आणि चेंबरमध्ये काडतूस जेथे टेकते ती जागा यांतील अंतर, म्हणजेच हेडस्पेस, प्रमाणाबाहेर असण्याचीही शक्यता आहे. तसे असेल तर गोळी सुटताना काडतुसाचे पितळ बुडाशी ताणले जाते, प्रसंगी फाटते, आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने मागे येऊ शकतो. वापरलेल्या काडतुसांवर बुडाजवळ चकाकणारे कडे दिसते का ते पाहा. मात्र ते दिसले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. अनुभवी गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज, म्हणजे हे अंतर प्रमाणात आहे का ते दाखवणारी मापे, लावून तपासणी होईपर्यंत या रायफलीतून एकही गोळी झाडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कललेली साइट हा केवळ दिसण्याचा दोष नव्हे. बॅरल (नळी) रिसीव्हरमध्ये थोडे कमी किंवा थोडे जास्त फिरवून बसवले गेले की पुढची साइट कलते, आणि ती चूक झाकण्यासाठी मागची साइट एका बाजूला इतकी सरकवावी लागते की कधी कधी तेवढी जागाही पुरत नाही. हा दोष नुसत्या डोळ्यांना दिसतो. तरीही रायफल कारखान्याबाहेर पडली, याचा अर्थ शेवटची तपासणी करणाऱ्याला ती अडवण्याचा वेळ नव्हता किंवा अधिकार नव्हता.

आपल्या कंपनीविषयी निवाडा देण्याइतकी माहिती माझ्यापुढे नाही. पण असे का घडते हे नोंदलेल्या इतिहासातून समजते. विंचेस्टर या अमेरिकी कंपनीचे १९३६ साली आलेले ‘मॉडेल ७०’ ही रायफल शिकाऱ्यांची अत्यंत लाडकी होती. उत्पादनाचा खर्च वाढत गेल्यामुळे १९६४ मध्ये कंपनीने तिची रचना बदलली. काडतूस मॅगझिनमधून वर येताच त्याची कड पकडणारा लांब एक्स्ट्रॅक्टर गेला, आणि स्टॉकवर हाताने कोरलेल्या जाळीच्या जागी दाबून उठवलेली नक्षी आली. नव्या रायफली नेमाला वाईट नव्हत्या, तरीही ग्राहकांनी १९६४ पूर्वीच्या रायफलींना वेगळे नाव आणि वेगळी किंमत दिली. ती जुनी पकड कंपनीला १९९० च्या दशकात परत आणावी लागली, आणि २००६ मध्ये कंपनीचा अमेरिकेतील न्यू हेवनचा कारखाना बंद झाला.

मार्लिन या दुसऱ्या अमेरिकी रायफल कंपनीची कहाणी मला अधिक बोलकी वाटते. १८७० साली स्थापन झालेली ही कंपनी रेमिंग्टन या बंदूक कंपनीने विकत घेण्याचा व्यवहार २००७ च्या अखेरीस जाहीर झाला आणि पुढच्या काही वर्षांत कनेक्टिकटमधील तिचा कारखाना बंद करून यंत्रे न्यूयॉर्क राज्यातील इलियनला हलवण्यात आली. यंत्रे जुनी आणि झिजलेली होती. कोणत्या यंत्राला किती सांभाळून घ्यायचे, कोणता भाग हाताने किती घासला म्हणजे नीट बसतो, हे ज्ञान कागदावरच्या आराखड्यांपेक्षा कामगारांच्या हातांत अधिक होते आणि ते कामगार मागेच राहिले. पुढची काही वर्षे कललेल्या साइट्स, स्टॉकच्या फटी आणि काडतूस अडखळण्याच्या तक्रारी येत राहिल्या, म्हणजे आपण लिहिल्या आहेत त्याच. पुढे काम काही अंशी सुधारले. पण रेमिंग्टनच २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली. त्यानंतर मार्लिन घेणाऱ्या रूगर या बंदूक कंपनीने घाई न करता उत्पादन नव्याने उभे केले आणि २०२१ च्या अखेरीस पहिल्या रायफली बाहेर आणल्या. गेलेला दर्जा परत येऊ शकतो, पण त्यासाठी पैसा आणि धीर दोन्ही लागतात.

आपल्याला मिळालेल्या सेवेचे मूळही येथेच आहे. कारखान्यातील तपासणी ढिली पडली की तिचे काम ग्राहकावर येते, परत येणाऱ्या रायफलींचा ढीग साचतो आणि सेवा विभागातील मोजकी माणसे ‘ठीक आहे’ असा शेरा मारून तो उपसू लागतात. म्हणून यापुढे फोनवर विसंबू नका. प्रत्येक दोष वेगळ्या क्रमांकाने लिहा, सोबत छायाचित्रे आणि गेजच्या तपासणीचा निकाल जोडा, आणि प्रत्येक मुद्द्यावर काय मोजले व काय बदलले याचे लेखी उत्तर मागा. स्वतः कानस घेऊन काही घासू नका, कारण मग मूळ दोष कोणाचा हे सिद्ध करणे अवघड होते. सुरक्षिततेचा दोष लेखी कळवल्याने इतरांचेही भले होते. २०१४ मध्ये रेमिंग्टनने ट्रिगर न दाबता गोळी सुटण्याच्या शक्यतेमुळे एका प्रकारच्या ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या होत्या.

दोष दूर होण्याआधी ही रायफल दुसऱ्याला विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी घ्यायची असेल तर केवळ सालावर भाळू नका. जुन्या रायफलीची बॅरल चेंबरच्या पुढे झिजलेली असू शकते, तोंडाची कड दुखावलेली असू शकते आणि मागच्या मालकांपैकी कोणी ट्रिगरमध्ये ढवळाढवळही केलेली असू शकते. तिलाही तेच गेज लावा, एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्यांचे दोन-तीन गट झाडून पाहा, आणि मगच पैसे मोजा.