‘तसदी’ म्हणायचं की ‘अपराध’?

प्रश्न : दुसरं महायुद्ध संपून ऐंशी वर्षं उलटली. जपानच्या पंतप्रधानांनी अनेकदा माफी मागितल्याचं आपण वाचतो. मग चीन आणि दक्षिण कोरिया तेच ते का उकरून काढतात? – एक वाचक

उत्तर : माझी तीसेक वर्षं जपानी दुभाषी म्हणून गेली, तेव्हा मी शब्दापासूनच सुरुवात करणार. अगदी नवखी असताना एका बैठकीत जपानी साहेब उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, ‘गो-मेइवाकु ओ ओकाके शिमाशिता.’ मी सांगून टाकलं, ‘आमच्यामुळे आपल्याला तसदी झाली.’ समोरचे गृहस्थ उसळलेच. ‘तसदी? चार महिने मशीन बंद आहे आमचं!’ शब्द शब्दकोशाप्रमाणे बरोबर होता. वजनात मात्र मार खाल्ला.

पुढे कळलं की याच ‘मेइवाकु’वर दोन देश अडखळले होते. सप्टेंबर १९७२ मध्ये पंतप्रधान काकुएई तानाका चीनशी संबंध जोडायला बीजिंगला गेले. मेजवानीतल्या भाषणात ते म्हणाले, आमच्या देशाने चिनी जनतेला मोठा ‘मेइवाकु’ दिला. चिनी भाषांतरात त्याचं ‘माफान’ झालं. चिन्यांना ते फार झोंबलं. बाईच्या कपड्यांवर चुकून पाणी उडालं तर म्हणायचा हा शब्द, आणि इथे तर लाखो माणसं मेलेली! दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी तो विषय काढलाच. अखेर २९ सप्टेंबरच्या संयुक्त निवेदनात जपानने जबाबदारीची तीव्र जाणीव आणि खोल ‘हानसेइ’, म्हणजे आत्मपरीक्षण, असे शब्द घातले. चीनने युद्धाची नुकसानभरपाई सोडून दिली. ‘हानसेइ’बरोबर ‘ओवाबी’, म्हणजे मनापासूनची क्षमायाचना, स्पष्टपणे आली ती १९९५ मध्ये, पंतप्रधान मुरायामा यांच्या निवेदनात.

म्हणजे माफी मागितली, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण पुढे काय झालं ते पाहा. १५ ऑगस्ट २००५ ला पंतप्रधान कोइझुमी यांनी हेच शब्द पुन्हा उच्चारले आणि १७ ऑक्टोबरला ते यासुकुनी देवळात जाऊन आले. तिथे युद्धांत कामी आलेल्या चोवीस लाखांहून अधिक जणांची नावं पुजली जातात. त्यांतच १९७८ मध्ये चौदा ‘अ’ वर्गीय, म्हणजे युद्ध छेडल्याचा ठपका असलेल्या, युद्धगुन्हेगारांची गुपचूप भर घातली गेली. कोइझुमींनी पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथे जाण्याचा शब्द दिला होता आणि मृत सैनिकांच्या कुटुंबीयांची संघटना त्यांच्या पक्षाची जुनी मतपेढी. एकाच तोंडाने दोन घरी बोलायचं म्हटलं की असं होतं.

आता दुसरी बाजू, कारण चीनचंही सगळं निर्मळ नाही. १९६४ मध्ये जपानी समाजवादी पाहुणे माफी मागू लागले, तर माओंनी त्यांना थांबवलं. जपानी आक्रमणामुळेच तर आम्ही सत्तेवर आलो, असा त्यांचा सूर होता. जपानी सैन्याने नानजिंग शहरात केलेल्या हत्याकांडाचं स्मारक-संग्रहालय उभं राहिलं १९८५ मध्ये, आणि १३ डिसेंबर हा राष्ट्रीय स्मृतिदिन ठरला २०१४ मध्ये. काळ जाईल तशी आठवण पुसट होते, असं आपण धरून चालतो. इथे ती सरकारच्या गरजेप्रमाणे गडद होत गेली.

कोरियाचं दुखणं निराळं, तिथे १९४५ पर्यंत जपानचं राज्यच होतं. संबंध पुन्हा जोडणाऱ्या १९६५ च्या करारात जपानने ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज देऊ केलं. पैसा बव्हंशी पोलाद कारखान्यासारख्या उभारणीत गेला, सक्तीने राबवलेल्या मजुरांच्या हाती फारसं काही पडलं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जपानी कंपनीने या मजुरांना भरपाई द्यावी असा निकाल दिला. जुलै २०१९ मध्ये जपानने चिप बनवायला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर बंधनं आणली. निकालाशी याचा संबंध नाही, असं जपान म्हणालं. सोलमध्ये कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

सोलला मी एकदा हिवाळ्यात गेले होते. जपानी वकिलातीच्या जागेसमोर ब्राँझची एक मुलगी खुर्चीवर बसलेली आहे. युद्धकाळात जपानी सैन्यासाठी लैंगिक गुलाम केलेल्या मुलींची ती आठवण. मुठी आवळलेल्या, पाय अनवाणी, टाचा जमिनीला न टेकलेल्या. शेजारची खुर्ची रिकामी. कुणीतरी तिला लोकरीची टोपी आणि मफलर घातला होता. २०१५ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सरकारांनी १०० कोटी येनवर हा प्रश्न ‘अंतिम आणि अपरिवर्तनीय’ रीतीने मिटल्याचं जाहीर केलं. त्या मुलींपैकी हयात असलेल्या आजींना मात्र आधी कुणी विचारलं नव्हतं.

तिथे दर बुधवारी निदर्शनं होतात. त्यांची मागणी ‘साज्वे’ची आहे. जपानीत त्याच दोन चित्राक्षरांचा उच्चार ‘शाझाइ’ होतो. त्यातलं दुसरं अक्षर अपराधाचं आहे, आणि ‘ओवाबी’त ते अक्षर येत नाही.