‘करून देतो’च्या भरवशावर दीड वर्ष

वडिलांनी कुंडीत वाढवलेले पांढरे गुलाब तुम्ही रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक पदार्थात, जतन करायला दिलेत. फ्रेम 3 मार्च 2024 ला हातात आली, जूनमध्ये पाकळ्या तपकिरी पडल्या आणि करणारा तेव्हापासून “ताई, परत पाठवा, नवीन करून देतो” म्हणतोय. अशी पत्रं मला सतत येतात; वस्तू बदलते, गोष्ट तीच. म्हणून तुम्ही ग्राहक आहात का, यावर शाई घालवत नाही. पैसे मोजलेत, आहात.

तुमचं सगळं प्रकरण एका तारखेवर अडलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते. कारण कधी घडलं? तुम्ही म्हणाल, डाग दिसले तेव्हा. तसा तुमचा पहिला मेसेज 9 जून 2024 चा आहे. समोरची बाजू म्हणेल, दोष होता तर तो फ्रेम दिली त्याच दिवशी होता. मला तुमचं म्हणणं अधिक पटतं, पण त्यावर मी पैज लावणार नाही. 3 मार्च 2026 च्या आत दाखल करा. मी जानेवारीच्या मध्यात लिहितोय, म्हणजे हातात जेमतेम दीड महिना.

त्याच्या गोड आश्वासनांनी मुदत थांबली असेल, या समजुतीत राहू नका. तक्रारीआधी त्याला नोटीस पाठवावी का, असं तुम्ही विचारता; तीही मुदत वाढवत नाही. पाठवा, पंधरा दिवस द्या, पण उत्तराची वाट बघत बसू नका. उशीर माफ करून घेण्याची सोय कायद्यात आहे, मात्र पुरेसं कारण दाखवावं लागतं. ‘तो चांगलं बोलत होता’ हे कारण घेऊन आयोगापुढे उभं राहायला मला तरी संकोच वाटेल. 2024 च्या दिवाळीआधी हे पत्र आलं असतं तर ही धावपळच नसती.

आता त्याच्या पावतीवरची ओळ: ‘नैसर्गिक फुलांचा रंग बदलू शकतो, जबाबदारी नाही.’ ही ओळ अगदीच पोकळ नाही. पांढऱ्या पाकळ्या रेझिनमध्ये पारदर्शक किंवा पिवळसर होतात, रेझिन स्वतःही उन्हानं पिवळं पडतं. पण तुमच्या फोटोत पाकळ्यांच्या बुडाशी तपकिरी डाग आणि भोवती बुडबुडे दिसतात. फुलात ओल राहिली की असं होतं. एकदम जाड थर ओतला तर रेझिन घट्ट होताना तापतं आणि त्या उष्णतेनंही पाकळ्या करपतात. दोन्ही करणाऱ्याच्या कामातल्या चुका आहेत, फुलाच्या स्वभावातल्या नाहीत.

आणि तुमचा सर्वात चांगला पुरावा तुम्ही पत्राच्या तळाशी सहज लिहून टाकलात: फुलं 28 फेब्रुवारीला दिली. आख्खा गुलाब सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांत, नीट वाळायला साधारण आठवडा जातो, त्यावर रेझिन घट्ट व्हायला एक ते तीन दिवस. याचं सगळं काम चार दिवसांत! मायक्रोवेव्हमध्ये वाळवली, असं तो म्हणू शकेल. मग ते त्यानं सिद्ध करावं. दोन्ही तारखांची कागदपत्रं आणि मेसेज तक्रारीला जोडा.

पावतीवरच्या त्या ओळीसाठी ‘अनुचित करार’, म्हणजे ग्राहकावर अन्यायकारक अटी लादणारा करार, हा शब्द मात्र तक्रारीत आणू नका. ते प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाही, राज्य आयोगाकडे जातं, आणि तुमचे महिने वाया जातील. सेवेतली त्रुटी एवढंच मांडा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

भरपाई किती मिळेल ते सांगणं कठीण. दिलेले पैसे परत मिळण्याची शक्यता बरी आहे; मानसिक त्रासाची रक्कम आयोगागणिक बदलते. निकालासाठी कायदा तीन महिने म्हणतो, वस्तूची तपासणी लागली तर पाच. वाचून हसू नका, मीही आता हसत नाही.

फ्रेम त्याच्याकडे पाठवू नका. एकदा त्यानं ती फोडून ‘नवीन’ केली की तपासायला काही उरणार नाही. उन्हापासून दूर, आहे तशी ठेवा आणि परत पाठवणार नाही हे त्याला आजच लेखी कळवा. फोनवर नको.