पाच तास वीस मिनिटं

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला पण तेव्हा डोळे मिटत होते, म्हणून आत्ता सकाळी चहा घेऊन निवांत लिहायला बसलेय. आठ वर्षांचा मुलगा, घरात एकटा बाथरूमलाही जात नाही, आणि त्याच्यापेक्षा आईच जास्त घाबरलेली, तर आधी त्याची समुपदेशनाची चार सेशन्स घेऊ आणि मग आईला बोलवू का, असं विचारलंयस. माझं मत, उलटं कर. मुलाला आणलं नाही तरी चालेल, आईला बोलव, जमलं तर बाबांनाही.

मी सुरुवातीची बरीच वर्षं नेमकं तेच केलं जे तुला आत्ता करावंसं वाटतंय. मूल आत केबिनमध्ये, आईबाबा बाहेर बाकड्यावर. एक मुलगी माझ्यासमोर इतकी मोकळी व्हायची, चित्रं काढायची, भीतीबद्दल घडाघडा बोलायची, आणि घरी गेली की पहिले पाढे पंचावन्न. तिच्या आईने एकदा निघता निघता विचारलं, "मॅडम, इथे ती छान असते हो, पण रात्री दोन वाजता उठून रडते तेव्हा मी काय करायचं?" मी तिला ते कधी शिकवलंच नव्हतं. ते वाक्य मला अजून टोचतं.

इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठात कॅथी क्रेसवेल आणि त्यांच्या टीमने हीच गोष्ट नीट तपासून बघितली, २०१३ मध्ये त्यांचा पेपर आला, चिंतेचा आजार असलेली ७ ते १२ वयाची १९४ मुलं होती त्यात. मुलाला भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवायचं काम सगळं आईवडिलांनी घरी करायचं, त्यांच्या हातात एक पुस्तक, आणि आठ आठवड्यांत थेरपिस्टबरोबर तासातासाच्या चार भेटी आणि वीस वीस मिनिटांचे चार फोन. बेरीज कर, पाच तास वीस मिनिटं, बस. एवढ्यावर निम्म्या मुलांचं मुख्य निदान उरलं नाही, नुसत्या वेटिंग लिस्टवर असलेल्यांत ते प्रमाण पाव होतं. म्हणजे निम्म्यांना त्यानंतरही मदत लागली, हे आईला पहिल्याच दिवशी सांग, खोटी हमी देऊ नको. आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं, थेरपिस्टचा अनुभव किती यावर मुलांच्या सुधारण्यात फरक पडलेला दिसला नाही, त्यामुळे "मी नवीन आहे" ही धास्ती सोड. फक्त एक लक्षात ठेव, ज्या पालकांना स्वतःलाच त्या वेळी चिंतेचा आजार होता त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. तुझ्या केसमधली आई नुसती काळजीत आहे की तिलाही झोप नाही, छातीत धडधड आहे, हे आधी बघ, गरज वाटली तर तिच्यासाठी वेगळी मदत शोध आणि घरचा सराव बाबांकडे दे.

आता बाथरूमचं. आई म्हणेल अंधाराला घाबरतो, तू ते तसंच धरून पुढे जाऊ नको. तिला सांग, शांत वेळी, जेवताना नको झोपतानाही नको, मुलाला विचारा की तिथे एकटा गेलास तर काय होईल असं वाटतं तुला. आणि त्याला उत्तर सुचवू नका. माझ्याकडच्या एका घरात आठवडाभर लाइटवरून खटपट चालली होती आणि पोराची भीती होती कडी अडकून आत राहण्याची! मग पायऱ्याच बदलल्या, म्हणजे भीतीला सामोरं जायचे छोटे छोटे टप्पे, सोप्यापासून अवघडाकडे. आधी दार नुसतं लोटून, आई दाराशी. मग आई स्वयंपाकघरात, पण आवाज नाही द्यायचा. मग कडी लावायची आणि लगेच काढायची, मग कडी लावून दहापर्यंत मोजायचं. दर वेळी आधी विचारायचं काय होईल वाटतंय, आणि बाहेर आल्यावर, काय झालं? तेवढंच. "बघ, काही झालं नाही ना" हे आईने बोलायचं नाही, ते त्याला स्वतःला म्हणू दे. एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, मगच पुढची. बक्षीस म्हणून पैसे नकोत, बाबांबरोबर कॅरमचा एक डाव पुरतो.

आजी मध्ये पडणारच, एवढंसं लेकरू कशाला रडवताय म्हणून. तिच्याशी वाद घालायला लावू नको सुनेला. आजीला दृष्ट काढायची तर काढू दे, पण कॅलेंडरवर रोजची खूण करायचं काम तिच्याकडे दे. "बुवा येईल", "भित्री भागूबाई" हे मात्र घरात सगळ्यांनीच बंद करायचं.

आणि हो, भीतीमागे खरा धोका आहे का ते तपास. शाळेत कोणी मारत असेल, व्हॅनमध्ये कोणी त्रास देत असेल तर तिथे पायऱ्याबियऱ्या नाहीत, आधी ते थांबवायचं. रोज सकाळी पोटात दुखत असेल तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या म्हणावं.

शुक्रवारी पहिला फोन आहे ना तुझा? आई म्हणेल जमलं नाही, आणि तुझ्या जिभेवर लगेच उपाय येईल. गिळ तो. कुठल्या पायरीवर अडलं, तुम्हाला काय वाटतं का अडलं असेल, एवढं विचार आणि गप्प बस, ती गप्प राहिली तरी गप्प बस, कारण घर तिचं आहे आणि उत्तर बहुतेक तिलाच माहीत असतं. मागे कुकरची शिट्टी झाली तर म्हण, गॅस बंद करून या ताई, मी आहे लाइनवर.