जुन्या बश्यांची नक्षी मोठी करून भिंतीवर लावली, तर ती कला की नुसती नक्कल?

अठराव्या शतकातल्या बश्यांची नक्षी उचलून भिंत भरणारे आजचे सिरॅमिक कलाकार स्वतःचं असं काय करतात, हा तुमचा प्रश्न. मी स्टुडिओ पॉटरी करते, म्हणजे स्वतःच्या छोट्या कार्यशाळेत हाताने मातीची भांडी घडवते. माझं उत्तर: चांगला कलाकार असेल तर बरंच काही.

मॉली हॅच या अमेरिकन कलावतीचं 'फिजिक गार्डन' घ्या. अटलांटाच्या हाय म्युझियममध्ये 2014 साली लागलेलं हे काम दोन मजले उंच, साडेचारशेहून जास्त बश्यांचं. आधार आहे लंडनच्या चेल्सी या पोर्सेलिनच्या (पांढऱ्या चिनी मातीच्या) कारखान्यात 1755 च्या सुमारास रंगवलेल्या दोन बश्यांचा. पण तिने तीच नक्षी प्रत्येक बशीवर उतरवलेली नाही. एकच चित्र सगळ्या बश्यांवर पसरलंय. जवळून पाहिलं तर एका बशीवर नुसता रंगाचा फराटा आणि देठाचा तुकडा. मागे सरकलं की त्याचं पान होतं. दोन बश्यांमधल्या कोऱ्या भिंतीवरची रेघ आपली नजरच पुरी करते. जेवणाखाली झाकली जाणारी नक्षी अशी वाचायला मिळते, हे मला फार मोठं वाटतं.

आणि नक्कल म्हणाल, तर चेल्सीवाल्यांनीही झाडं छापील वनस्पतिचित्रांवरून घेतली होती. भट्टीत पोर्सेलिनवर डाग पडला की त्यावर एखादा किडा रंगवून तो लपवायचा, ही त्या काळची रीत! बश्यांवरची ती झाड, पूल आणि दोन पक्ष्यांची प्रसिद्ध निळी 'विलो' नक्षीसुद्धा चिनी मालाच्या धर्तीवर इंग्लंडमध्येच रचलेली; तिची 'प्राचीन चिनी' प्रेमकथा मागाहून जोडलेली.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे इंग्लंडचा पॉल स्कॉट. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कोबाल्टचा निळा ठसा पातळ कागदावर घ्यायचा, तो भांड्यावर उतरवायचा आणि वर झिलई द्यायची, ही स्टॅफर्डशर या इंग्लंडमधल्या कुंभारकामाच्या भागातली जुनी छपाई त्याला मुळापासून ठाऊक. त्याच निळ्या निसर्गचित्रात तो अणुवीज केंद्र नाहीतर पवनचक्क्या आणून ठेवतो. अशी निळी छापील भांडी बनवणाऱ्या स्पोड कंपनीचा, त्याच भागातल्या स्टोक गावचा कारखाना 2008 मध्ये बंद पडल्यावर तिथे मागे राहिलेल्या भांड्यांवरही त्याने काम केलं. नक्षीला जन्म देणारी जागाच नक्षीचा विषय झाली.

दुकानात मिळणाऱ्या, एकाच छापाच्या शोभेच्या बश्या मात्र मी या पंगतीत बसवणार नाही.

स्वतः करून बघायचं असेल, तर बशीच्या बुडाच्या कड्याला माती चामड्याइतकी घट्ट असतानाच तारेसाठी दोन भोकं पाडा. भाजल्यावर ड्रिल लावलं तर तडा जायची भीती असते.