‘दुसरं कधी?’ असे विचारणाऱ्यांना

प्रश्न : आदरणीय बाई, मी बेळगावात शहापूरला राहते आणि उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. बाळंतपणाच्या रजेनंतर रुजू झाले तेव्हा कळले, की माझ्याकडचे काम रजेतच दुसऱ्याला दिले असून माझा हुद्दाही खाली आणला आहे. मुलीला सासूबाई सांभाळतात, पण “एका पोरीवर थांबू नका, दुसरं लवकर होऊ दे” हे रोजचेच झाले आहे. परवा हळदीकुंकवाला गेले, तर एक बाई म्हणाल्या, की मोठमोठी माणसे तीन मुले हवीत म्हणून सांगतात आणि तुम्ही शिकलेल्या मुली एकावर थांबता. मुलीला इंग्रजी शाळेत घालण्याचा विचार बोलून दाखवताच दुसरीने विचारले, “मग सीमाभागात मराठी टिकायची कशी?” घरी येऊन मी रडले. आई म्हणून मी कुठे कमी पडते आहे का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : नाही. तुम्ही शेवटी विचारलेत, त्याचे उत्तर मी आधी देते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे वाचण्यात तुमचे मन लागणार नाही. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. कारखान्याला तुम्ही मूल नसल्यासारखे काम करायला हव्या आहात, घराला दुसरे मूल हवे आहे, सभांमधल्या वक्त्यांना तिसरे हवे आहे आणि शिवाय भाषाही तुम्हीच राखायची आहे. रात्री मुलगी उठली तर तिला कोण घेते, हे मात्र यांच्यापैकी कोणीच विचारलेले नाही.

तीन मुलांच्या गोष्टीविषयी स्पष्टच लिहिते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे प्रमाण १.७ आढळले. २०२४ मध्ये चंद्राबाबू नायडू आणि मोहन भागवत यांच्यासारख्या नेत्यांनी लोकसंख्येची काळजी बोलून दाखवत जास्त मुले होऊ द्यावीत असे सुचवले. याच देशात महाराष्ट्राने २००१ पासून दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवण्याचा नियम लागू केला होता. म्हणजे आपल्या बेळगावहून शिनोळीची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेलेल्या बाईने तिसऱ्या मुलासाठी पंचायतीचे दार बंद झालेले पाहायचे, आणि त्याच तिसऱ्या मुलासाठी होणारे आवाहनही ऐकायचे. आकडा राजकारणाच्या गरजेप्रमाणे बदलत असेल, तर त्यावर तुम्ही आपले शरीर आणि आयुष्य का बेतावे?

भाषेचा प्रश्न मला स्वतःला जिव्हाळ्याचा आहे. मराठी शाळेत मी अनेक वर्षे शिकवले आणि वर्गातले बाक रिकामे होताना पाहिले. तरीही ते बाक भरण्याची जबाबदारी एकट्या आईवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय व्हावी, यासाठी झटणे हे राज्याचे काम आहे. १९५६ साली राज्यघटनेत आलेल्या ३५० क या अनुच्छेदात ते लिहिलेले आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ‘तायी कार्ड’ मिळते. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. चंदगडहून लग्न होऊन आलेली एक मुलगी ते कार्ड घेऊन माझ्याकडे आली होती, कारण पुढची तपासणी कोणत्या तारखेला आहे हे तिला त्यावरून समजत नव्हते. पोटावर एक हात ठेवून ती माझ्या बोटाकडे पाहत होती. तिला तिच्या भाषेत तारीख सांगण्याची व्यवस्था ज्यांनी केली नाही, त्यांना कोणी जाब विचारत नाही, आणि शाळा निवडणाऱ्या आईला मात्र हळदीकुंकवातही विचारतात. शाळेचा निर्णय व्हायला तुमच्याकडे अजून वेळ आहे. जवळ चांगली मराठी शाळा असेल तर ती मनापासून पाहून या, असे मी आग्रहाने सांगेन. तोवर मुलीला झोपवताना मराठीत गोष्ट सांगण्याचे काम तिच्या वडिलांनीही करावे, कारण ती भाषा त्यांचीही आहे.

नोकरीच्या बाबतीत मात्र मुळीच थांबू नका. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हा पहिल्या दोन मुलांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तिथे आईला दिवसातून चार वेळा जाता येते. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी, नेहमीच्या सुट्टीखेरीज, रोज दोन वेळा काम थांबवण्याचा हक्क तुम्हाला आहे. प्रसूतीच्या रजेवर असलेल्या स्त्रीला कामावरून काढणे किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. म्हणून हुद्दा कोणत्या तारखेपासून खाली आणला, हे व्यवस्थापनाला लेखी विचारा, जुना हुद्दा परत मागा, अर्जाची पोच घ्या आणि उत्तर आले नाही तर ती पोच घेऊन कामगार खात्याच्या कार्यालयात जा. ‘कटकट नको’ म्हणून गप्प बसलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. त्यांची कटकट संपली नाही, नोकरी मात्र गेली.

राहिल्या सासूबाई. दिवसभर नातीला अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या बाईला शत्रू समजू नका. त्यांनाही त्यांच्या तरुणपणी हेच ऐकावे लागले असेल. परंतु दुसरे मूल हवे की नको, आणि हवे तर कधी, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे आहे, आणि जे ठरेल ते आईला सांगण्याचे काम तुमच्या यजमानांनी करायचे आहे. हे पत्र आज रात्री त्यांना वाचायला द्या.